फुटामागे एक सूत

मी सुतार आहे असं म्हटलं की लोक लगेच घरातल्या कपाटाची मापं सांगायला लागतात. मी आयुष्यात एकही कपाट केलेलं नाही. आमच्या घरातलं कपाटसुद्धा दुकानातून आणलेलं आहे आणि त्याचं दार नीट लागत नाही. यावरून आमच्या सौभाग्यवती गेली तीस वर्षं पाहुण्यांसमोर माझा उद्धार करत आल्या आहेत.

मी पॅटर्न मेकर. उद्यमनगरातल्या कारखान्यांत हा शब्द चहावाल्यालाही कळतो, बाहेर मात्र कुणालाच कळत नाही, म्हणून सांगतो. पंपाचा, मागाचा, उसाच्या घाण्याचा असा लोखंडाचा ओतीव भाग करायचा असेल तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. फाउंड्रीत त्या लाकडाभोवती वाळू ठासून भरतात, मग लाकूड अलगद काढून घेतात आणि वाळूत उरलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ते निवलं की भाग तयार. लोखंड कुठल्या कुठे कामाला जातं आणि लाकूड माळ्यावर धूळ खात पडतं. माझ्या चाळीस वर्षांच्या कामातले निम्मे पॅटर्न शेवटी कुणाकुणाच्या बंबात गेले.

आता यातली खुबी अशी की लोखंड निवताना आकसतं. फुटामागे साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हा लाकूड तेवढं मोठं धरायचं. दर मापाला बेरजा करत बसायला नको म्हणून आमच्याकडे वेगळी पोलादी पट्टी असते. तिच्यावर बारा इंच लिहिलेले असतात, पण ते एक सूत त्यात आधीच मुरवलेलं असतं. दिसायला ती चारचौघींसारखीच. आम्ही तिला वाढीव पट्टी म्हणायचो. आमच्या वस्तादांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातली साधी पट्टी घेतली आणि खिडकीतून बाहेर भिरकावली. म्हणाले, "ह्या टेबलावर खरं माप आणायचं न्हाय. खरं माप लोखंड निवल्यावर येतंय." तेव्हापासून माझ्या पिशवीत दुसरी पट्टी कधी शिरली नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. इचलकरंजीचा एक मागवाला एकदा मागाचा तुटका ब्रॅकेट घेऊन आला. "हुबेहूब असाच पायजे, जरा बी फरक नको," म्हणाला. मी केला हुबेहूब. पंधरा दिवसांनी गडी भांडायलाच आला, कारण नवा ब्रॅकेटही मागावर डुगडुगत होता. जुना बारा वर्षं झिजलेला होता आणि मी ती झीजसुद्धा इमानेइतबारे लाकडात उतरवली होती. त्यानंतर कुणी हुबेहूब म्हटलं की मी विचारायचो, "नवा असताना व्हता तसा, का आता हाय तसा?"

मग कॉम्प्युटर आले. पडद्यावर चित्र काढायचं की मशीन रात्रभरात भाग कोरून देतं, तोही माझ्यापेक्षा बिनचूक. मला वाईट वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. हत्यारांची पिशवी कॉटखाली सरकवली आणि शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला काहीबाही सुनावण्याचा नवा धंदा सुरू केला.

गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात बोळाच्या टोकाशी कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "गियरवालं मिस्त्री हितंच ऱ्हात्यात का ओ?" धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री, वय ऐंशीच्या घरात. चेहरा ओळखीचा वाटला. ते होते भूपाल आण्णा. शिरोळकडे कृष्णेच्या काठाला त्यांची शेती. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांच्या गुऱ्हाळाच्या घाण्याचं तुटलेलं गियर मी लाकडात करून दिलं होतं.

"त्या गियरचा एक दात अजून हल्ला न्हाय," आण्णा बसता बसता म्हणाले. "आता नाव नीट करायची हाय."

"नाव? आण्णा, मी जन्मात नाव केलेली न्हाय."

"मी तरी कुठं केल्ती? पर केली की! चला, यष्टी हाय अकराची."

विचार करतो वगैरे म्हणायची सोयच नव्हती. कॉटखालची पिशवी ओढली आणि निघालो. बायको दारात म्हणाली, "तेवढं कपाटाचं दार…" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

नाव गोठ्याच्या मागच्या शेडमध्ये पालथी पडली होती आणि तिच्यावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. पेंढ्या काढल्यावर मी तिला चारी बाजूंनी बघितलं आणि मला हसू आवरेना. सोळा फूट लांब, तळ सपाट, पुढे टोकदार नाक, मागे उभी फळी. बांधावरच्या जांभळीच्या फळ्या आणि बाभळीच्या बरगड्या. खिळे तीन जातींचे. एका भोकावर दुधाच्या किटलीचं झाकण ठोकलेलं. पन्नासेक वर्षांपूर्वी आण्णांनी कुठल्याही सुताराला न विचारता, घाटावर लागणाऱ्या होड्या बघून बघून ती एकट्याने केली होती. पण ओळंब्याला धरली तर जी बाजू धड उरली होती ती अगदी सुतात. मी मनातल्या मनात या शेतकऱ्याला हात जोडले.

मोठ्या पुरात नाव चिंचेला बांधलेली होती. दोर तुटला, पाण्याने तिला विजेच्या खांबावर आपटलं आणि डावी बाजू चेचली गेली. बरगड्या मोडल्या, फळ्या उकलल्या. उजवी बाजू मात्र ठणठणीत. काम सरळ दिसत होतं. उजवी बाजू मापायची आणि आरशात दिसावी तशी डावी करायची. आण्णांचा मापाचा टेप घेऊन मी दिवसभर एकेक माप वहीत लिहून काढलं. संध्याकाळी टेप आण्णांनी परत नेला, कारण त्यांना पाइपलाइनचा चर मोजायचा होता.

मला वाटलं होतं, म्हाताऱ्याची हौस आहे, होईल तेव्हा होईल. दुसऱ्या दिवशी आण्णांच्या बायको चहा घेऊन आल्या. पद्माक्का, पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, काटक. चहा खाली ठेवला आणि विचारलं, "मिस्त्री, मिरगाच्या आत हुईल न्हवं?"

"बघू की अक्का. गडबड काय हाय?"

त्यांनी नदीपलीकडे बोट दाखवलं. पल्याडच्या काठावर लिंबाची दोन झाडं आणि एक कौलारू घर दिसत होतं. "ते माझं म्हायेर. थोरली भन हाय तितं. लगीनच केलं न्हाय तिनं, आमा सगळ्यास्नी वाढवलं. औंदा पडली, खुब्याचं हाड मोडलं. आता खुर्चीत बसून असतीया."

नावेने दहा मिनिटांची वाट, पुलावरून गेलं तर गाडीला पाऊण तास. मी म्हणालो, "पण तुमच्या मुलाकडं गाडी हाय की."

"हाय. पोरगं गुणी हाय, न्हाय म्हणत न्हाय. पर इचारावं लागतंय न्हवं? त्याला येळ हाय का, कुणी दुसरं जाणार हाय का. तितं गेलं की पोरगं घड्याळ बघत उंबऱ्यात हुबं. भनीसंगं बोलाय बसलं की आधी धा मिंटं गपच बसावं लागतंय, मग बोलणं निगतंय. ती धा मिंटं गाडी देत न्हाय." चहाची कपबशी उचलत त्या म्हणाल्या, "नावंला मी कवा इचारलं न्हवतं. मनात आलं की जायाची. पाऊस लागला की नदी दिवाळीपातूर बंद. तवर थोरली ऱ्हातीया का न्हाय, कुणाला ठावं."

आता ते काम हौसेचं उरलं नाही. मी मनाशी दिवस मोजले. जेमतेम सहा आठवडे होते. रोज पहाटेची एस.टी. धरायला लागलो.

पहिला खोळंबा आण्णांनीच केला. तळाच्या दोन फळ्यांत भुंगेरे निघाले. मी म्हणालो, बाटलीभर औषध आणा, सुईने भोकात सोडतो, तासाभराचं काम. आण्णा माझ्याकडे असे बघत राहिले की मीच ओशाळलो.

"मिस्त्री, आमी जैन. जीव हाईत त्यात."

"आण्णा, ते जीव तुमची नाव खाय लागल्यात."

"खाईनात. त्यास्नी दुसरी जागा देऊ."

मग ती दोन लाकडं उन्हात ठेवायची, सावलीच्या बाजूला जुना जांभळाचा ओंडका लावायचा, ऊन तापलं की किडे हळूहळू बाहेर पडायचे, आणि आण्णा त्यांना सुपात घेऊन जळणाच्या ढिगाऱ्यापाशी सोडून यायचे. असे चार दिवस. मी चार दिवस किड्यांच्या कृपेने सुट्टीवर होतो. तिसऱ्या दिवशी पद्माक्कांचा तोल सुटला. "किड्यास्नी सुपात घालून पोचवाय लागलाय रोज," त्या गोठ्यातून ओरडल्या, "आन् मी हितंच बसलीया!" त्या दिवशी आण्णा सूप घेऊन जरा भरभर चालले.

सांधे भरण्याचंही तसंच. कोकणातले लोक फळ्यांच्या फटीत कापूस भरून त्यावर माशाचं तेल चोपडतात, असं मी ऐकून होतो. तो विषय काढायचीसुद्धा सोय नव्हती. आण्णांनी राळ आणि करंजाचं तेल उकळवून स्वतःचा जुना मसाला केला. तो हाताला इतका चिकटायचा की एस.टी.त कंडक्टरने दिलेलं तिकीट माझ्या हातातून सुटेना. पण सांगतो, असा पक्का मसाला मी दुसरा बघितला नाही.

सगळ्यात मोठा धक्का वल्ह्यांच्या वेळी बसला. सागाची फळी घेऊन मी आण्णांना म्हणालो, "हात लांब करा, माप घेतो."

आण्णा दोन पावलं मागे सरले. "माझं कशाला? मी कुठं वल्हवतोय?"

"मग?"

"हीच वल्हवतीया. मला पाण्याचं भ्या हाय, मिस्त्री. ल्हानपणापास्नं. नावंत मी दोन-चारदाच बसलोय, ते बी डोळं झाकून." घाटाकडे बोट करून ते म्हणाले, "लगीन झाल्यावर ही रोज सांजच्याला घाटावर बसून पल्याड बघायची. रडायची न्हाय, नुसती बघायची. मला काय ते बघवंना. म्हणून केली."

ज्याला पाण्याची भीती, त्याने बायकोला पलीकडे जाता यावं म्हणून नाव करायची. पद्माक्कांच्या हाताचं माप घेतलं आणि वल्ही एक वीत आखूड केली.

बाकी काम लोण्यासारखं झालं. बाभळीच्या नव्या बरगड्या कापल्या, फळ्यांवर वहीतली मापं टाकली, वाफेवर फळ्या वाकवल्या. नवी बरगडी नव्या फळीला अशी काही बसायची की मध्ये कागद जाऊ नये. मीच माझ्यावर खूश होतो. मृगाच्या आधीचं रोहिणी नक्षत्र निघायच्या आतच नाव तयार झाली. वासे घालून, गावातली आठ माणसं लावून ती घाटावर आणली. उन्हाळ्यासाठी धरणातून पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे नदीला बऱ्यापैकी ओढ होती. आण्णा पायरीवर बसून णमोकार मंत्र म्हणायला लागले. पद्माक्का पदर खोचून नावेत चढल्या आणि मला म्हणाल्या, "या की. तुमच्याच हातची हाय. का तुमास्नी बी भ्या वाटतंय?"

मला पोहता येतं, तरी नावेची कड घट्ट धरूनच मी चढलो. नाव सुटली. आत थेंब नाही. पद्माक्का चार-दोन हात मारून थांबल्या, पुन्हा मारले आणि हसल्या. "अवं, ही आपल्या आपण चाललीया!" खरंच, नाव प्रवाहाने खाली वाहून जायला हवी होती, पण तिचं नाक सारखं डावीकडे, वरच्या अंगाला वळत होतं. त्यामुळे प्रवाह कापत ती नाकासमोर पल्याड निघाली. त्या लिंबांच्या अगदी समोर लागलो. पद्माक्का आनंदाने उतरल्या, मी मात्र नावेची डावी बाजू न्याहाळत राहिलो. नाव आपण होऊन वळते याचा अर्थ ती वाकडी आहे.

पल्याड अंगणात खुर्चीवर थोरल्या बसल्या होत्या. पद्माक्का त्यांच्या पायाशी टेकल्या. दोघी गप्पच. मी नावेकडे परतलो, तिथल्या एका शेतकऱ्याकडून टेप मागून आणला आणि मापायला बसलो. उजवी बाजू सोळा फूट. डावी सोळा फूट दोन इंच.

मी पिशवीतून माझी पट्टी काढली आणि कपाळावर हात मारून घेतला. मापं घेतली होती आण्णांच्या टेपने, खरी. लाकडावर टाकली होती माझ्या वाढीव पट्टीने. फुटामागे एक सूत, सोळा फुटांना सोळा सूत, दोन इंच बरोब्बर. बरगड्या वाढीव, फळ्याही वाढीव, म्हणून तर एकमेकींना कागद न जाता बसल्या. दोन इंच जास्त लांब फळी त्याच दोन टोकांत बसवल्यामुळे डाव्या बाजूला पोट सुटलं होतं आणि पाणी तिकडे जास्त अडून नाक तिकडेच वळत होतं. लोखंड निवलं की आकसतं, जांभूळ आकसत नाही. चाळीस वर्षं ज्या सवयीवर पोट भरलं, तिनेच म्हातारपणी माझा कान धरला. त्या काठावर मला इतकी लाज वाटली की थोरल्यांचा निरोप घ्यायलाही वर जाववेना.

तासाभराने, कदाचित दोन तासांनी, पद्माक्का आल्या. परतताना व्हायचं तेच झालं. आता वरचं अंग उजव्या हाताला होतं आणि नाव हट्टाने डावीकडे, खालच्या अंगाला पळत होती. पद्माक्का दात-ओठ खाऊन वल्हवत होत्या, शेवटी मीही एक वल्हं हाती घेतलं, तरी घाट सोडून आम्ही पार खालच्या पंपहाउसपाशी चिखलात लागलो. आण्णा काठाकाठाने छत्री सांभाळत पळत आले.

मी चिखलातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. पट्टी दाखवली. म्हणालो, "आण्णा, माझी चूक हाय. डावी बाजू खोलतो, नवी करून देतो. दिवस थोडे हाईत, पर इथंच मुक्काम टाकतो."

आण्णा पट्टी उलटीपालटी करून बघत होते. पद्माक्का नावेतच बसून पदराने तोंड पुसत होत्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "ह्या नावंला हात लावायचा न्हाय."

"अक्का, येताना किती तरास झाला बघितलासा न्हवं?"

"झाला की. म्हायेराकडं जाताना पळतीया आन् सासरी येताना हट्ट करतीया. पंचावन्न वरसं झाली, माझं बी असंच हाय." त्यांनी आण्णांकडे बघितलं. "मला कुणी खोलून सरळ केलं न्हाय. तिला बी ऱ्हाऊ द्या तशीच."

आण्णा इतके हसले की त्यांना छत्रीचा आधार घ्यावा लागला. मीही हसलो आणि आण्णांच्या हातातली पट्टी घेऊन पिशवीत टाकली.

पाऊस लागेपर्यंत पद्माक्का आठवड्यातून दोनदा-तीनदा पल्याड जात होत्या. येताना पंपहाउसपाशीच लागायच्या आणि आण्णा तिथे आधीच जाऊन थांबायचे. मी अधूनमधून तेल-मसाल्याच्या निमित्ताने जात असे. खरं तर निमित्त नुसतं सांगायला होतं. आयुष्यभर मी लोखंडाआधीच्या वस्तू केल्या, ज्या वाळूतून काढल्या की कुणी पुन्हा बघितल्या नाहीत. माझ्या हातचं लाकूड लाकूड म्हणूनच कुणाच्या उपयोगी पडतंय, हे मला प्रथमच दिसत होतं, तेही चुकलेलं. एवढं भाग्य देऊन गेलेल्या त्या आरडाओरडा करणाऱ्या म्हाताऱ्याचे आणि त्याच्या बायकोचे उपकार मी कसे फेडणार?

थोरल्या भाद्रपदात गेल्या. नदी दुथडी भरलेली, नाव शेडमध्ये. पद्माक्का मुलाच्या गाडीतून गेल्या. चार-पाच दिवसांनी त्यांचा फोन आला. उन्हाळ्यात वाया गेलेले ते चार दिवस माझ्या डोक्यात घोळत होते. मी म्हणालो, "अक्का, अजून थोडं आधी काम झालं असतं तर…"

"तसं मनात आणू नका, मिस्त्री," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "गाडीतनं उतरली, तिच्या उशाला बसली, तर मला काय बोलायचंच उरलं न्हवतं. समदं बोलून झाल्तं."

त्यांनी फोन ठेवला. त्या रडल्या नव्हत्या, मी मात्र बोळातल्या कट्ट्यावर बसून उघड उघड रडलो.